पोळ्याच्या करीचा गंज

श्रावणाचे शेवटचे चार दिवस राहिले की अकोल्याच्या बाजारात मातीचे बैल येऊन बसतात. शाळा सुटली की मी तिथं थांबते, शिंगं शाबूत असलेली एक जोडी निवडते आणि पिशवीतून जपत घरी आणते. दार उघडताच आई विचारते, "आवंदा कर कधी हाय वं?" पोळा अमावस्येला आणि कर त्याच्या दुसऱ्या दिवशी, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी विचारते. यंदाही विचारलं, आणि मीही दिनदर्शिका बघितल्यासारखं करून तारीख सांगितली.

कर म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसांना समजावून सांगावं लागतं. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात. महिनाभर श्रावण पाळून कंटाळलेली घरं त्या दिवशी कोंबडी-बकऱ्यावर तुटून पडतात. सकाळी सातपासून दुकानांपुढे रांगा लागतात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी त्या रांगेत डबे हातात घेऊन शहाण्यासारखे उभे असतात, आणि दुपारी बारानंतर कुठल्याही गल्लीतून जा, खोबरं भाजल्याचा वास पाठ सोडत नाही.

गंमत अशी की कर कधी आहे हे इतक्या ओढीनं विचारणाऱ्या माझ्या आईनं उभ्या आयुष्यात मांसाचा एक तुकडा तोंडात घातलेला नाही. तिचं माहेर माळकरी. माझे बाबा मात्र पक्के खाणारे. लग्नानंतर दोघांत काय बोलणी झाली कोण जाणे, पण मला आठवतं तेव्हापासून आमच्या घराचा कायदा ठरलेला होता: घरात शिजणार नाही, अंगणात शिजेल. भांडं वेगळं, चूल वेगळी, शिजवणारे बाबा.

वलगावला आमचा छोटा मळा होता. वांगी, भेंडी, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीसाठी झेंडू-शेवंती. हौश्या आणि नंद्या अशी बैलांची एक जोडी. आई भाजी घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायची, बाबा मळ्यात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आई बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायची आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आवतन म्हणजे आमंत्रण. ते ती इतक्या अगत्यानं द्यायची की बैल उद्या धुतलेले कपडे घालून येतील असं मला वाटायचं.

मग पोळ्याचा दिवस. शिंगांच्या रंगाचा वास, धुतलेल्या ओल्या बैलांचा वास, चुलीवर शिजणाऱ्या हरभऱ्याच्या डाळीचा वास. पुरण पाट्यावर वाटायचं. जायफळ आणि वेलची त्याच पाट्यावर. आई वाटत असताना तिच्या बांगड्या पाट्याला लागत, आणि तो आवाज आला की बाहेर बाबा बैलांना म्हणत, "चाललं तुमचं काम."

डाळ शिजली की गूळ घालायच्या आधी आई वरचं पाणी निथळून एका पातेल्यात काढायची आणि फडकं बांधून बाजूला ठेवायची. पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेचाही एक मोठा गोळा मुद्दाम मागे राहायचा. मुद्दाम म्हणते, कारण इतकी वर्षं रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईचा अंदाज नेमका पोळ्यालाच कसा चुकेल? विचारलं की म्हणायची, "उरली. आता का फेकून देऊ?"

दुसऱ्या दिवशी बैलांना सुट्टी आणि म्हणून बाबांनाही. वर्षातला हा एकच दिवस ते स्वयंपाक करत. गोठ्यातल्या खुंटीवर जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, एक गंज टांगलेला असायचा. गंज म्हणजे आमच्याकडे उभं, पोटाचं पातेलं. बाहेरून धुरानं काळा ठिक्कर, एका काठाला पोचा. तेवढं एकच भांडं त्या स्वयंपाकाला मंजूर होतं. तवा नाही, दुसरं पातेलं नाही, परात नाही. मग जे काय व्हायचं ते त्या एकाच गंजात. कोंबडी त्यातच, रस्सा त्यातच, आणि भाकरीच्या जागी कणकेच्या चकोल्या, म्हणजे तुमची वरणफळं, तीही त्यातच. आता मी मोबाईलवर 'एका भांड्यात होणारं सोपं जेवण' असले व्हिडिओ बघते आणि मला हसू येतं. आमच्या बाबांना दुसरं भांडं वापरायची परवानगीच नव्हती.

करायला खरंच सोपं होतं. शेवग्याखाली तीन दगडांची चूल. निखाऱ्यात कांदे आणि खोबऱ्याची वाटी भाजायची. ती आत आईकडे जायची, कारण खोबरं-कांद्याला काही दोष नाही. आई त्यात धणे, खसखस, लवंगा, दगडफूल घालून पाट्यावर वाटून द्यायची. पाटा कालचाच. कितीही धुतला तरी जायफळ त्याच्या टाक्यांत बसलेलं असायचं. ते मसाल्यात उतरायचं. मग गंजात तेल, लसूण, तो मसाला, लाल तिखट, कोंबडी. आणि कोंबडीला पाणी सुटून आटलं की आईनं ठेवलेलं हरभऱ्याच्या डाळीचं पाणी. तिखट रश्शाच्या मागून हळूच पुरणाची आठवण यायची. तशी चव मला पुन्हा कुठल्या लग्नात, कुठल्या हॉटेलात मिळाली नाही. मिळणार कशी? तिच्यासाठी आदल्या दिवशी घरात पोळा व्हावा लागतो.

वस्तू आतून बाहेर जायच्या, खोबरं-कांदे सोडले तर बाहेरून आत काही यायचं नाही. आई उंबऱ्याच्या आत, बाबा उंबऱ्याच्या बाहेर, आणि ये-जा करायला मी. मसाल्याचा गोळा मी नेला, डाळीचं पाणी मी नेलं, पळसाच्या पानाच्या द्रोणात मीठ मी नेलं. मग रस्सा उकळायला लागला की बाबा उभे राहायचे, गुडघे झाडायचे आणि दाराकडे बघून हाक मारायचे,

"अवं, ये ना जराशी! मीठ पाय."

मीठ बघायला आई हात पुसत उंबऱ्याशी यायची. चाखायचा प्रश्नच नव्हता. ती डोळे मिटायची, मान किंचित वर करायची, नाकपुड्या फुलवायची. आम्ही श्वास रोखून बघत राहायचो.

"कमी हाय," आई म्हणायची. "जराकसंच टाका."

बाबा आमच्याकडे पाठ करून गंजापाशी बसायचे, हात फिरवायचे, झाकण ठेवायचे आणि ओरडायचे, "टाकलं वं!" मग चाखून बघायचे आणि कपाळावर हात मारायचे. "नाक हाय का काय हाय या बाईचं! दर साली बरोबर!"

आत जाताना आईची चाल बदललेली असायची. बाजारात शेजारी बसणाऱ्या भाजीवाल्या बायांना ती सांगायची, "मी खात नाही, पन मले मिठाचा वास येते. आमच्या घरी इचारा." आईला हाक मारताना बाबांची डावी मूठ घट्ट मिटलेली असे, हे मी दर वर्षी बघायची. आदल्या दिवशी बैलांची दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या धरलेली त्यांची मूठ मी बघितलेली असायची, म्हणून वाटायचं, गंजाचीही दृष्ट काढत असतील. त्याहून जास्त विचार मी केला नाही. पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, पोरांना पदार्थांचे गुणधर्म शिकवता शिकवता वीस वर्षं गेली, तरी केला नाही. आईबापांच्या बाबतीत माणूस जन्मभर तिसरीतच असतो.

जेवणं अंगणात व्हायची. आम्ही पत्रावळी घेऊन चुलीभोवती, आणि आई उंबऱ्याच्या आत पाट टाकून, ताटात कालची पुरणाची पोळी आणि दूध. तोंड आमच्याकडे. बाबांची पाठ कधी तिच्याकडे नसायची.

कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली. एका करीला मी आईला सरळ म्हणाले, "हे सगळं ढोंग आहे. मसाला तू वाटतेस, पाणी तू देतेस, चकोल्या तू लाटतेस, मीठ तू सांगतेस. मग राहिलं काय? एवढं आहे तर आत शिजवू दे, नाहीतर बंद कर."

आई पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाली, "त्यायनं माह्यासाठी सोडलं असतं तं मले वाईट वाटलं असतं. मी त्यायच्यासाठी खाल्लं असतं तं त्यायले वाईट वाटलं असतं. आता दोघायलेबी बरं वाटते. तुह्या पोटात काहून दुखून राह्यलं?"

मी उठून अंगणात गेले. रागानं चार चकोल्या जास्त खाल्ल्या, एवढंच.

पण एक गोष्ट तेव्हाही खुपायची, आजही खुपते. बैलांना आदल्या दिवशी कानात आमंत्रण. आणि करीला आख्ख्या घराच्या पंगतीत आईचं काय? कालची पोळी. सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर ज्या एका गोष्टीसाठी जमतं, तीच तिच्या ताटात नाही. तिला त्याचं काही वाटत नाही असं मी समजून चालले होते. बाबा तसं समजून चालले नव्हते. पण हे कळायला फार उशीर झाला.

बाबा गेले दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात. त्यांच्या मागं आई वलगावला एकटी राहिली. वर्षभर राहिली, कुणाचं ऐकलं नाही. मग विहिरीच्या पायरीवरून घसरली, मनगट मोडलं, आणि होळी झाल्यावर मी जाऊन तिला अकोल्याला घेऊन आले. दोन लुगडी, देवाचा डबा आणि एक जड पिशवी. पिशवी मला उचलू देईना. मोडक्या हातानं तीच धरून बसली सगळ्या रस्त्यात.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढं एक गॅलरी. अंगण नाही, शेवगा नाही. आई आल्या दिवसापासून मी घरात कोंबडी शिजवणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकच ओटा, एकच गॅस, आणि तिथंच पाच पावलांवर तिचे देव. आमच्या यांनीही समजूतदारपणा दाखवला. फार दाखवला. दर रविवारी संध्याकाळी "जरा गाडीत हवा भरून येतो" म्हणून जायचे आणि दीड तासानं बडीशेप चघळत परत यायचे.

आई एक दिवस मला म्हणाली, "जवाई धाब्यावर जेवून येते वं."

"छे! तुला कुणी सांगितलं?"

"माह्या नाकानं."

मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. आता वाटतं, त्याच दिवशी तिच्या मनानं घेतलं असावं.

मागच्या पोळ्याला तिनं सगळं रीतसर केलं. मातीच्या बैलांना हळद-लोणी लावलं, आमंत्रण दिलं, पुरण केलं. आता पाटा नाही, मिक्सर आहे. मिक्सरच्या भांड्यात जायफळ घालून ती म्हणाली, "याच्यात वास राहात नाही. धुतलं का गेला." संध्याकाळी बैलांची पूजा झाली, जेवणं झाली. मी भांडी आवरून बाहेर आले तर आई खाटेवर लुगड्यांच्या घड्या घालत बसलेली.

"हे काय चाललंय?"

"उद्या कर झाली का परवा मी जातो वलगावले."

"कुठं जातेस? तिथं कोण आहे? अजून हात नीट वळत नाही तुझा!"

"हात वयते." ती शांत होती, आणि तिच्या शांतपणाची मला धास्ती वाटते. "माह्यापायी तुमच्या घरचे सण सुने झाले. तो बिचारा चोरासारका बाहेर जाऊन खाते. तू तं खातबी नाही. तुह्या बापानं असं कधी होऊ देल्लं नाही. मी कोनाच्या घासाच्या आड आली नाही आजलोक. आता काहून येऊ?"

मी चिडले. प्रेमानं समजूत घालायची तिथं मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. "जायचं तर जा," म्हणाले. "पडलीस की मला बोलवू नकोस." म्हटलं आणि जीभ चावली. पण ती लुगड्याची घडी नीट करण्यात गुंतली होती. वलगावच्या घराला शेवाळलेल्या पायऱ्या, मागं विहीर, हाकेला ओ द्यायला कुणी नाही. ती गेली तर पुन्हा येणार नाही हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि तिला थांबवायला माझ्याकडं एकही धड कारण नव्हतं. 'तू पडशील' हे कारण झालं का? ते तर ओझं झालेल्या माणसालाच सांगतात.

सकाळी उठले तर आई आंघोळ करून, केस ओले, पिशवीशी बसलेली. पिशवीच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिनं काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी कागद सोडला. पोचा आलेला, काळा गंज.

"हा तू आणलास?"

"मंग? भंगारवाल्यानं नेला असता."

"तू हात लावलास याला?"

"लावला. घासला. मंग आंघोय केली." वर माझ्यावरच तोंड टाकलं, "पायत काय राहिली? जवायले कोंबडी आनाले पाठव. जाण्याच्या आधी एक कर तरी धड होऊ द्या."

गॅलरीत शिजवायचं ठरलं. यांनी मोठ्या हौसेनं इंडक्शनची शेगडी वायर ओढून बाहेर मांडली. तिच्यावर जर्मनचा गंज ठेवला तर ती टूं टूं करून बंद. जर्मन तिला चालत नाही. चौथ्यांदा बंद पडल्यावर आई दारातून म्हणाली, "तिचाबी श्रावन हाय वाट्टे." शेवटी खालच्या मजल्यावरून मातीची शेगडी आणि कोळसे मिळाले. बाहेर पावसाची झड लागलेली, कोळसा पेटता पेटेना, धूर सगळा घरात. मी फुंकर घालून घालून घामाघूम. पण खोबरं निखाऱ्यावर पडलं आणि तो वास आला, तशी मी फुंकर घालायची थांबले. वलगावच्या अंगणात गेल्यासारखं झालं, आणि तिथं कुणी नव्हतं.

मसाला आईनं वाटून दिला. जायफळ तिनं वरून किसून घातलं, कारण मिक्सरवर तिचा भरवसा नव्हता. कालचं डाळीचं पाणी दिलं. गॅलरीच्या दाराला उंबरा नाही, लोखंडी पट्टी आहे. त्या पट्टीच्या आत ती पाट घेऊन बसली. रस्सा उकळायला लागला. मी मीठ घातलं, चांगलं मापात घातलं, आणि उभी राहून म्हणाले, "आई, मीठ बघ ना."

तिनं डोळे मिटले. मान वर केली. नाकपुड्या फुलल्या. आमचे हे सुद्धा मोबाईल खाली ठेवून बघत राहिले.

"कमी हाय," आई म्हणाली. "जराकसंच टाक."

मी डाव्या हातावर मीठ घेतलं, त्यातलं चमचाभर टाकलं. शंका कसली घ्यायची? जन्मात कधी चुकली नव्हती ती. ढवळलं, झाकण ठेवलं, पाच मिनिटांनी यांना वाटीत रस्सा दिला. यांनी एक घोट घेतला. चेहरा वाकडा झाला. उठले, दोन पेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "कोंबडी मी समुद्रातून आणली होती का?"

मी चाखलं. खारट जहर.

आईनं आमची तोंडं बघितली. तिला सांगावं लागलं नाही. ती एकदम लहान दिसायला लागली. "माहं नाक गेलं वं," ती म्हणाली. "त्यायच्यासंगंच गेलं. आता तं मी काहीच कामाची नाही रायली. उद्या काहून? मले आजच नेऊन सोड."

मी गंजापाशी उकिडवी बसले होते.  हात धुवावा म्हणून डावी मूठ उघडली तर उरलेलं मीठ तळव्याला चिकटलेलं. मी त्या मिठाकडं बघत राहिले. बाबांची डावी मूठ. दर वर्षी. हाक मारताना मिटलेली, आणि "टाकलं वं" म्हणताना उघडलेली.

हे तिला सांगावं की गिळावं? सांगितलं तर तिचा इतक्या वर्षांचा एक अभिमान जाणार. नाही सांगितलं तर ती स्वतःला निकामी समजून वलगावच्या त्या रिकाम्या घरात जाऊन बसणार. धड विचार करायला मला फुरसत नव्हती, आणि माझ्या जिभेला तर कधीच नसते.

"आई, तुझं नाक गेलं नाही," मी म्हणाले. "मिठाला वासच नसतो."

"मंग इतकी वर्सं?"

"बाबा मीठ कमी टाकायचे. बाकीचं डाव्या मुठीत धरून ठेवायचे. मग तुला हाक मारायचे. तू 'कमी हाय' म्हणालीस की मुठीतलं टाकायचे."

"तू पायलं?"

"दर वर्षी पाहिलं. कळलं आत्ता."

ती माझ्या उघड्या तळव्याकडं बघत राहिली. बाहेर झड चालूच. यांनी हळूच तोंड वळवलं आणि रस्त्याकडं बघत उभे राहिले. मला स्वतःचा राग आला. वाटलं, एवढी वर्षं एका माणसानं जपलेलं मी दोन वाक्यांत सांडून टाकलं.

शेवटी आई म्हणाली, "एक डावबी इसरले नाहीत?"

"नाही. एकदाही चव बिघडली नाही. आठव."

"आजारी होते त्या साली?"

त्या साली बाबांच्यानं उभंही राहवत नव्हतं. खाटेवर बसून गंज ढवळला होता. "त्या साली पण," मी म्हणाले.

तेव्हा तिला रडू आलं. बाबा गेले तेव्हा ती इतकी रडली नव्हती. पदर तोंडावर धरून रडली, आणि मधेच रडता रडता हसायला लागली. "काय मानूस होता बाप्पा! मले येडी बनवलं जनमभर. मी बजारात सांगत फिरली वं सगळ्यायले!" मीही रडले. कोळशाचा धूर होता, ते बरंच झालं.

मग नाक पुसून ती म्हणाली, "कनीक आन. त्यात मीठ नाही टाकलेलं काल." पट्टीच्या आत बसून तिनं मोडक्या मनगटानं चकोल्या लाटल्या, शंकरपाळ्यासारख्या कापल्या, दरवर्षीच्या दुप्पट. सुपात घालून पट्टीवरून मला दिल्या. मी डाळीचं पाणी होतं तेवढं सगळं ओतलं आणि चकोल्या सोडल्या. समुद्राच्या टोमण्याबद्दल आमच्या यांना दोन वेळा मागायला लावून मगच वाटी दिली. कणकेनं खार ओढून घेतला होता. रस्सा दाट झाला होता, मागून जायफळ येत होतं. आम्ही गॅलरीत बसून जेवलो, आई पट्टीच्या आत, कालच्या पोळीवर दूध घेऊन. तोंड आमच्याकडं.

"पुढच्या करीले मीठ कमीच टाकजो," जेवता जेवता ती म्हणाली.

"मग?"

"मंग मले इचारजो."

दुसऱ्या दिवशी तिची पिशवी रिकामी होऊन, घडी घातलेली, कपाटावर दिसली.   गंज आता गॅलरीत खिळ्याला टांगलेला असतो, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी खाली उतरतो. यांची गाडीतली हवा तेव्हापासून कमी होत नाही.

माणसाच्या वाट्याला घासच यावा असं काही नाही, असं मला हल्ली वाटतं. कुणाला विचारलं जाणं पुरतं. पण ते खरं विचारणं हवं, ज्याच्या उत्तरावाचून पुढचं अडून राहतं असं. बाबांनी तसं अडवून ठेवलं होतं. ते माझ्यासारखे शिकलेले नव्हते.

काल पोळा झाला. परवा संध्याकाळी मातीच्या बैलांची खांदेमळणी उरकून आई उठत होती, तेवढ्यात मी तिच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "आज आवतन घे, परवा मीठ पायाले ये."

"मले बैल समजली का वं?" म्हणून तिनं हळदीचा हात माझ्या गालाला पुसला. पण खूश झाली.

आणि आज कर. हे लिहायला बसले तेव्हा कोळसे पेटायचे होते. मधे उठले ती आत्ता येतेय. रस्सा उकळला तेव्हा मी उभी राहिले, गुडघे झाडले आणि दाराकडं बघून हाक मारली, "आई, ये ना जराशी! मीठ पाय."

ती हात पुसत पट्टीशी आली. माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, मग खाली माझ्या मिटलेल्या डाव्या मुठीकडं बघितलं. हसली नाही. डोळे मिटले, मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या आणि आम्हाला चांगलं ताटकळत ठेवलं.

"कमी हाय," ती म्हणाली.

मी तिच्याकडं पाठ करून बसले आणि मूठ उघडली.